नोकरी सांभाळून थिऑलॉजी करायची आहे, छोटं कॉलेज चालेल का?

फाउंड्रीवाला_उद्यमबाग

सलाम सगळ्यांना. मी बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत सुपरवायझर आहे, वय ४१, घरात बायको, दोन पोरं, आई. आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत सात-आठ वर्षं संडे स्कूल घेतो आणि पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपदेश माझ्याच गळ्यात पडतो. तर झालं असं की मागच्या महिन्यात बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायावर बोललो, बरं बोललो असं मलाच वाटत होतं, आणि उपासना सुटल्यावर गेटवर एका कॉलेजच्या पोरानं विचारलं, अंकल, देवानंच फारोचं (मिसरच्या राजाचं) मन कठीण केलं तर मग फारोची चूक काय? मी काहीतरी गोलगोल बोलून सुटलो पण स्कूटरवर घरी येईपर्यंत लाज वाटत होती की ओ.

आता एक छोटं कॉलेज सापडलंय. सगळे मिळून चाळीसेक विद्यार्थी, महिन्यातून एक शनिवार-रविवार वर्ग, बाकी ऑनलाइन. बी.टीएच. (थिऑलॉजीची, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राची डिग्री) जमेल तसं पाच-सहा वर्षांत करा म्हणतात, फी हप्त्यानं. माझं सगळं शिक्षण मराठी मीडियमचं, कन्नड बोलतो पण लिहायला घेतलं की हात थांबतो, इंग्रजी सावकाश वाचतो. डिग्रीला किंमत आहे का, आणि शिफ्ट सांभाळून हे होतं का, कुणी केलंय का? आई म्हणते नोकरी सोडायचा विचार असेल तर आधी मला सांग, मग देवाला सांग.

निपाणीचा_पाळक

सलाम दादा. आईंचं बरोबर आहे.

पहिलं हे ठरवा की पाळक म्हणून दीक्षा घ्यायची आहे की असेल तिथं राहून नीट शिकायचंय, कारण दोन्हीची वाट वेगळी. दीक्षा हवी असेल तर कॉलेजला फोन करायच्या आधी तुमच्या चर्चच्या ऑफिसात जाऊन विचारा कुठली डिग्री धरतात, ते लेखी घ्या. पोरं चार वर्षं शिकून येतात आणि मग कळतं की हे आमच्यात चालत नाही.

दुसरं म्हणजे कॉलेज शिकवतंय ते ठीक, पण डिग्री देतंय कोण? आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या चर्चमध्ये सेरामपूरची डिग्री धरतात. बंगालमधलं ते कॉलेज कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ ला काढलं, १८२७ ला डेन्मार्कच्या राजानं डिग्री द्यायची सनद दिली (तेव्हा ते गाव डॅनिश लोकांकडं होतं), पुढं १९१८ च्या कायद्यानं सिनेट आलं. देशभरातली कॉलेजं त्या सिनेटला जोडलेली आहेत, शिकायचं एकीकडं आणि डिग्री सिनेटची. दुसरं नाव ऐकाल ते ए.टी.ए., एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन. ती युनिव्हर्सिटी नव्हे, कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था आहे. म्हणजे शिक्षण वाईट असं अजिबात नाही, पण त्या कागदावर सरकारी नोकरी किंवा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत पुढचं शिक्षण मिळेल असं धरून चालू नका.

मी स्वतः आधी सेरामपूरचा बाहेरून करायचा बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) केला, नोकरी करणाऱ्यांसाठीच आहे तो. बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) नंतर हॉस्टेलवर राहून केलं. खरं सांगू का, वर्गापेक्षा मेसमधल्या भांडणांत जास्त शिकलो. एक मिझो, एक तमिळ, एक मी, आणि विषय बाप्तिस्मा. ऑनलाइन शिकताना हे मिळत नाही, त्यामुळं महिन्याचा तो शनिवार-रविवार काही झालं तरी चुकवू नका.

खानापूरची_बाई

पाळकसाहेब म्हणतात ते खरं, पण सगळ्यांना कुठं हॉस्टेलला जाता येतंय. मी शाळेत शिकवते, लग्न झालेलं, सासूबाईंचं बघायचं, मी काय बॅग भरून पुण्याला जाणार होते? मी टॅफ्टीचे घरी बसून करायचे थिऑलॉजीचे कोर्स केले. बेंगळुरूची संस्था, १९७१ पासूनची, मूळ पद्धत ग्वाटेमालातली. तिथल्या एका सेमिनरीच्या लक्षात आलं की खेड्यातली चर्च ज्यांनी धरून ठेवलीत ती शेती आणि घरदार असलेली माणसं राजधानीत येऊन राहू शकत नाहीत, तर १९६३ मध्ये त्यांनी सेमिनरीच खेड्याकडं नेली. घरी रोज थोडं वर्कबुक सोडवायचं, आठवड्यातून एकदा ट्यूटरबरोबर पाच-सहा जण बसायचं, आणि शिकलेलं लगेच मंडळीत वापरायचं. इंग्रजी सोडून आपल्या भाषांतही कोर्स आहेत, तेव्हा भाषेचं आधीच विचारून घ्या.

शिफ्टचं सांगते. फ्लेक्झिबल म्हणजे सोपं असं कुणी सांगितलं तर हसा. कुणी मागं लागत नाही म्हणून तर पुस्तक राहतं. मी पहाटे साडेचारला उठून चूल, नाही, गॅसच, पेटवायच्या आधी पाऊण तास बसायचे, ओट्यावर वही, आणि पानांना अजून फोडणीचा वास आहे.

आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही ती अशी की शिकताना विश्वासाला हादरा बसतो. मला मार्कच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायाला बसला. नवव्या वचनापासूनचा शेवट सर्वात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनसमध्ये, नाहीच, आठव्या वचनाला बायका येशूच्या रिकाम्या कबरेपासून पळाल्या आणि घाबरून कुणाला काही बोलल्या नाहीत इथंच थांबतं. मी आठवडाभर गप्प होते. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बोलल्या नसत्या तर तुला कसं कळलं असतं गं? त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या.

वयाचं मनावर घेऊ नका अण्णा. पंडिता रमाबाईंनी चाळिशी ओलांडल्यावर केडगावात हिब्रू-ग्रीकचा ध्यास घेतला आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ ला त्या गेल्यावर १९२४ ला छापून आलं.

मिरजेचा_नातू

माझा अनुभव उलटा म्हणून लिहितो. एका ठिकाणी (नाव घेत नाही) काकांनी पैसे भरले, तीन दिवसांचं सेमिनार, चौथ्या दिवशी काळा गाऊन, टोपी, फोटो, आणि काका डॉक्टर. लेटरहेडपण छापून घेतलं. काकू अजून त्यांना इंजेक्शन द्यायला बोलावते.

लहान कॉलेज म्हणजे फसवंच असं नाही हं, चाळीस पोरांत सर तुम्हाला नावानं ओळखतील. पण जाऊन लायब्ररी बघा. बायबलवरची भाष्यं किती, शब्दकोश आहेत का, का नुसती डायरेक्टरसाहेबांच्या प्रवचनांची पुस्तकं? तुमचे पेपर तपासणारे स्वतः कुठं शिकलेत ते विचारा, ग्रीक किंवा हिब्रू आहे का विचारा. या प्रश्नांवर चिडले तर चहा पिऊन परत या.

कॅम्पातला_कॅथलिक

आमच्यात फादर व्हायचं तर ही सोयच नाही, वर्षानुवर्षं सेमिनरीत राहावं लागतं. पण पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात सिस्टर आणि साधी माणसंही थिऑलॉजी शिकतात. तुम्हाला उपयोग नाही, पण कुणी वाचत असेल तर असूदे.

निपाणीचा_पाळक

दादा, त्या पोराचा प्रश्न राहूनच गेला की. बायबलमधलं निर्गमचं पुस्तक काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. फारोचं मन कठीण झालं असं जिथं जिथं येतं तिथं खूण करा आणि कर्ता कोण ते बघा. देव असं करणार हे चौथ्या आणि सातव्या अध्यायात आधीच सांगितलंय, पण देवानं मिसरवर पाठवलेल्या पीडा सुरू झाल्यावर पहिल्या पाचांत कुठं नुसतं कठीण झालं असं आहे, कुठं फारोनं स्वतः केलं असं आहे. देवानं केलं असं सरळ पहिल्यांदा येतं ते सहाव्या पीडेला, फोडांच्या वेळी, ९:१२. शिवाय हिब्रूत शब्द एक नाही, तीन आहेत: हाजाक म्हणजे घट्ट होणं, काशा म्हणजे कठीण, आणि काबेद म्हणजे जड होणं. यानं रोमकरांसचा नववा अध्याय सुटला असं नाही, त्यावर मोठमोठे भांडलेत. पण पोराला घेऊन बसायला एवढं पुरे.

फाउंड्रीवाला_उद्यमबाग

सगळ्यांचे आभार. कॉलेजला फोन लावला. डिग्री कोण देतं विचारलं तर आधी म्हणाले इंटरनॅशनल आहे, परत विचारलं तर म्हणाले भेटायला या. तर शनिवारी जातोय, लायब्ररी बघतो. तोवर खानापूरच्या बाईंनी सांगितलं ते वर्कबुक मागवतो, पाळक व्हायचं नाहीये मला, आईला तसं सांगून टाकलं.

काल सेकंड शिफ्टला निर्गम घेऊन गेलो होतो, खुणा करून झाल्या. ते जड होणं मला लगेच कळलं बघा. लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, वितळलेला माल जास्त वेळ राहिला की असाच जड होतो, मग कितीही वाकवा, साच्यात जात नाही. पण थंड होऊ दिला कुणी, हे आमच्यात विचारलं की भट्टीवाला म्हणतो ओतणाऱ्यानं, ओतणारा म्हणतो भट्टीवाल्यानं 😄

पोराला रविवारी गाठतो. कुणाकडं हिब्रूची सुरुवातीची पुस्तकं पडून असतील तर सांगा, खानापूर-निपाणीपर्यंत कुठूनही येऊन घेऊन जाईन.