समन्वयक ते संचालक : सीमाभागातील संस्थांमध्ये स्त्रियांची वाट कोठे अडते?

प्रश्न : खानापूरची कार्यकर्ती

खानापूर तालुक्यातील एका स्वयंसेवी संस्थेत मी समन्वयक आहे. बचत गट आणि रोजगार हमीच्या कामांसाठी वाड्यावस्त्यांवर फिरण्यात माझा दशकाहून अधिक काळ गेला. आमचे संचालक यंदा निवृत्त होत असून त्या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कन्नड व इंग्रजीत अहवाल लिहिण्याची क्षमता, अशा अटी घालण्याचा नियामक मंडळाचा विचार आहे. माझे शिक्षण मराठी माध्यमातून बी.ए.पर्यंत झाले. कन्नड मी सहज बोलते, परंतु तालुका पंचायतीला पत्र लिहायचे झाले की दुसऱ्याची मदत घ्यावी लागते. गावपातळीवर काम करणाऱ्यांत बहुसंख्य आम्ही स्त्रियाच आहोत, मंडळात मात्र जवळजवळ सगळे पुरुष. मी दूरशिक्षणाने पदवी घ्यावी, की वेगळी काही तयारी करावी?

उत्तर : निपाणी, निवृत्त कार्यक्रम अधिकारी

ताई, पदवी अवश्य घ्या. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नोकरी सांभाळून करता येतो. परंतु पदवीच्या अभावापेक्षा हिशेबापासूनचे अंतर आपल्याला अधिक मागे ठेवते, असे माझे मत आहे. प्रकल्पाचे अंदाजपत्रक कोण तयार करतो, निधी देणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीशी कोण बोलतो आणि धनादेशावर कोणाची सही असते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक संस्थांमध्ये एकाही समन्वयक बाईचे नाव येत नाही.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. परदेशी निधीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा परदेशी निधी नियमन कायद्याच्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. व्यवस्थापनातील माणसाचे वेतन या खर्चात मोडते, तर उद्दिष्टाशी थेट निगडित कामाचा खर्च त्यात धरला जात नाही. त्यामुळे परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेत समन्वयकाला बढती देणे म्हणजे तिचे वेतन एका रकान्यातून उचलून मर्यादा असलेल्या दुसऱ्या रकान्यात टाकणे होय, आणि मंडळे तेथेच कचरतात. आपल्या संस्थेचा निधी कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी पाहून घ्या.

उत्तर : गोकाक तालुक्यातून

घटप्रभेच्या ‘मास’ संस्थेचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या स्त्रियांची ही संस्था मायराडा या स्वयंसेवी संस्थेच्या पाठबळाने १९९७ साली उभी राहिली आणि पुढे त्या स्त्रियांनीच तिचा कारभार हाती घेतला. तिच्या मुख्य कार्यकारी अधिकारी सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणी देवदासी म्हणून वाहिले गेले होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मग अनुभवी कार्यकर्तीला पदवीची अट कशासाठी?

उत्तर : बेळगाव, संस्थांचे लेखापरीक्षण करणारी

उदाहरण मोलाचे आहे, पण येथे ते पूर्णपणे लागू पडत नाही. तेथे मालकी मुळातच त्या स्त्रियांची व्हावी अशी रचना होती. संस्थापकाच्या आप्तेष्टांनी भरलेल्या मंडळात कर्मचाऱ्याला वाट मिळत नाही. म्हणून पदासाठी अर्ज करण्यापूर्वी संस्थेची नियमावली मागून घ्या, सभासद कोण होऊ शकतो आणि मंडळाची निवड कशी होते ते वाचा.

नियुक्तिपत्रही तपासा. प्रकल्पागणिक नवे करारपत्र देऊन मध्ये खंड दाखवण्याची पद्धत सर्रास आढळते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २६ आठवड्यांची प्रसूती रजा लागू असली, तरी मागील बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची नोंद लागते. असा खंड पडला की रजा अडते आणि सेवाज्येष्ठताही तुटते. अनेक कर्तबगार मुली तिशीच्या आसपास क्षेत्र सोडून जातात त्यामागे हेही एक कारण आहे. घरच्यांचा विरोध हे आपण सोयीने पुढे केलेले कारण असते.

कन्नडची अट मात्र मला अन्यायाची वाटत नाही. भाषेच्या प्रश्नावर आपली मते काहीही असोत, जिल्हा पंचायतीचा पत्रव्यवहार कन्नडमध्येच चालतो.

प्रश्नकर्ती : कन्नड लेखनाचा सराव सुरू करते. पण अंदाजपत्रक पाहायला मिळावे, ही मागणी वाईटपणा न घेता कशी करावी?

निपाणी : पुढच्या तिमाही अहवालाची खर्चाची बाजू मी लिहिते, असे लेखी कळवा. आपल्याच गटांवरील खर्चाचे आकडे ते आपल्याला नाकारू शकणार नाहीत. संचालक निवृत्त होण्यापूर्वी असे दोन अहवाल आपल्या नावाने मंडळासमोर गेले पाहिजेत.