मदत हवी आहे: फूड फेस्टिव्हलला काय खायचं, काय टाळायचं?

मंडळी, या रविवारी आमच्या एरियात उन्हाळी फूड फेस्टिव्हल आहे, नागपूरचा मे महिना, पारा ४५ ला टेकून राहिला, तरी घरचे सगळे जायचंच म्हणून राहिले. सोबत सासूबाई आणि ८ वर्षांचा मुलगा. मागच्या वर्षी मी शहाणपणा केला, गेल्या गेल्या सावजी मटण हाणलं आणि मग पुढचं काहीच चाखता आलं नाही, नुसतं मठ्ठा पीत बसले. यंदा एक प्लेट चौघात वाटून घ्यायची ठरवलंय, पण सुरुवात कशानं करू? तर्री पोहा, पाटोडी रस्सा की आधी गोड?

आणि खरा प्रश्न म्हणजे ते धूर निघणारं बिस्किट. मुलगा त्याच्यासाठीच येऊन राहिलाय. त्यात लिक्विड नायट्रोजन असतं ना, उणे १९६ डिग्रीचं, धूर असताना तोंडात टाकलं तर तोंड, घसा भाजतो म्हणे. धूर पूर्ण जाऊ द्यायचा हे कळलं, पण लहान मुलाला द्यायचं का मुळातच नको? फायर पानाला सासूबाईंनी आधीच हात जोडलेत. मुलाला पटेल असं दुसरं काही थंडगार सुचवा ना, संत्रा बर्फी सोडून, ती घरी आहे.