प्रतिसाद: आयरिश गावांमधलं 'किल'

वर कुणीतरी विचारलंय की आयर्लंडमधल्या इतक्या गावांच्या नावात 'किल' का, तिथे फार खून पडले की काय! तसं काही नाही. आयरिशमध्ये 'किल्ल' म्हणजे चर्च. किल्डेअर म्हणजे ओक वृक्षाचं चर्च, किल्केनी म्हणजे संत कॅनिसचं चर्च. पण गंमत अशी की 'कोइल' म्हणजे रान, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेही 'किल'च होतं. मेयो परगण्यातल्या किल्टिमाहमधला 'किल' असा रानातला आहे. म्हणजे नुसत्या इंग्रजी नावावरून अर्थ लावू नये, मूळ आयरिश रूप बघावं.

हा घोळ बराचसा लिप्यंतराचा. 1824 मध्ये इंग्रजांनी आयर्लंडची मोजणी सुरू केली, तेव्हा नकाशांवर नावं इंग्रजी वळणाने पक्की झाली. जॉन ओ'डोनोव्हनसारख्या विद्वानाने गावोगाव हिंडून मूळ रूपं टिपून ठेवली, हे आपलं नशीब.

डब्लिनचं तर औरच. 'डुव लिन' म्हणजे काळा डोह, पण आज आयरिशमध्ये शहराला त्या नावाने कुणी ओळखत नाही. तिथे ते 'बाल्या आहा क्लीअ', म्हणजे कुडाच्या ताट्या टाकून केलेल्या नदीच्या उताराचं (पायी ओलांडायच्या जागेचं) गाव. वॉटरफर्डमधला 'फर्ड' मात्र असा उतार (इंग्रजी 'फोर्ड') नव्हे, तो व्हायकिंगांचा 'फ्योर्ड', म्हणजे समुद्राची चिंचोळी खाडी.

कोव्ह बंदराचं नाव मला सगळ्यात आवडतं. मूळ इंग्रजी 'कोव्ह', 1849 मध्ये राणी व्हिक्टोरिया आली म्हणून क्वीन्सटाउन, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास पुन्हा कोव्ह, फक्त आता आयरिश स्पेलिंगमध्ये!