मदत हवी आहे : 'हायपोकॉन्ड्रिया'ला (मोठा आजार नसताना त्याची सतत धास्ती) आपल्याकडं काय म्हणतात?

परभणीचे आमचे मामा सहा महिन्यांपासून साडीच्या दुकानाच्या पिशवीत तीन ईसीजी घेऊन फिरायलेत. तिन्ही नॉर्मल. जेवताना डाव्या हाताची दोन बोटं मनगटावर, ठोके मोजणं चालूच. परवा डॉक्टर 'हायपोकॉन्ड्रिया' म्हणाले, तर मामांना वाटलं अजून एक नवा रोग निघाला!

मी शोधलं. ग्रीकमध्ये 'हायपो' म्हणजे खाली, 'खोंड्रोस' म्हणजे कूर्चा (मऊ हाड). म्हणजे मुळात हा बरगड्यांखालचा पोटाचा भाग. उदासी तिथल्या प्लीहा-यकृतातून उपजते अशी जुन्या वैद्यांची समजूत, म्हणून जागेचं नाव आजाराला चिकटलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेनं २०१३ मध्ये हे निदान काढून 'आजार-चिंता विकार' आणि 'शारीरिक लक्षण विकार' अशी विभागणी केली.

आता मामांना सांगू काय? 'रोगभ्रम' म्हणलं की ते चिडतात, "मी भ्रमिष्ट हाय का?" आजी 'वहम' म्हणायची, पण त्यात टोमणा आहे. 'मन चिंती ते वैरी न चिंती' हे पटतं त्यांना, पण ती म्हण झाली, नाव नाही.

लातूर, नांदेड, बीडकडं जुनी माणसं यासाठी एखादा न टोचणारा शब्द वापरतात का? आणि घरात कुणाला असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं कसं नेलंत?