मदत हवी आहे: पायवाटेवरचे आडवे बांध गाळाने भरताहेत

नमस्कार मंडळी. आम्ही स्वयंसेवक जंगलातली एक दुर्गम पायवाट सांभाळतो. गाडी पोचत नाही. पहार, टिकाव, फावडं आणि हातकरवत पाठीवर न्यावी लागते.

अडचण ६० मीटरच्या एका टप्प्यात आहे. डोंगराचा उतार २५ टक्के आणि वाटेचा चढ १५ टक्के, म्हणजे डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त. त्यामुळे पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेवरूनच धावतं. त्यात बाहेरच्या कडेला मातीचा वरंबा साचलाय, तो पाणी आतच कोंडतो. मधोमध घोट्याएवढी खोल घळ पडलीय.

पाणी वाटेबाहेर वळवायला घातलेले जुने आडवे बांध २० सेंटिमीटर जाडीच्या ओंडक्यांचे, दोन तृतीयांश पुरलेले, पण वाटेला जवळपास काटकोनात. पाणी तिथे थबकतं, गाळ टाकतं, मग वरून उडी घेऊन खालची माती उकरतं. लोक चिखल टाळायला कडेने चालतात आणि वाट रुंदावते. खरं नुकसान हेच.

वरंबा कापून बाहेरच्या बाजूला ५ टक्के कल देणार आहोत. पण एवढ्या चढावर तो कल टिकेल का? नवे दगडी बांध वाटेशी ४५ अंशांत ठेवावेत की ६०? दोन बांधांत अंतर किती? की हा टप्पा सोडून १० टक्क्यांच्या आतली नवी आखणीच करावी? तसं केल्यास जुनी घळ कशी बुजवावी, नुसत्या फांद्या पुरतील की आडवे दगडी अडसर लागतील?

असं काम केलेल्यांनी मातीचा प्रकारही सांगा. आमची माती बारीक, चिकणमातीमिश्रित आहे.