मदत हवी आहे: नॉन-टेक्निकल मॅनेजरला समजवायचं कसं?

मंडळी, मी पुण्यात हिंजवडीला आयटीत आहे, ९ वर्षं झाली. नवीन मॅनेजर सेल्समधून आलेत, माणूस वाईट नाही पण कोडशी कधी संबंधच आलेला नाही. सध्या ओरॅकलवरून पोस्टग्रेसवर (दोन्ही डेटाबेस सॉफ्टवेअर) डेटाबेस हलवतोय, मी ३ महिने लागतील म्हणून सांगितलं तर साहेबांनी क्लायंटसमोर ६ आठवडे कबूल करून टाकले, म्हणे "डेटा कॉपी-पेस्टच तर करायचाय ना". अहो, ओरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला (कोऱ्या मजकुराला) नल (NULL, म्हणजे किंमतच नाही) धरतं, पोस्टग्रेस धरत नाही, शिवाय ओरॅकलची पॅकेजेस (डेटाबेसमधल्या प्रोसिजर, म्हणजे छोट्या प्रोग्रॅम्सचे गठ्ठे) तिकडे तशीच्या तशी चालत नाहीत, एकेक प्रोसिजर हाताने बघावी लागते. हे सांगायला गेलं की "प्रॉब्लेम नको, सोल्युशन सांग". वर २ फ्रेशर आणून बसवले, त्यांना शिकवण्यातच माझा अर्धा दिवस जातो. आणि रोज संध्याकाळी एक्सेलमध्ये किती टक्के झालं ते भरायचं (आठवडाभर ७०च लिहितोय, कोणी विचारलेलं नाही).

वरच्या साहेबांना मेल टाकू का? अप्रेझल तोंडावर आहे म्हणून हात आखडतोय. कोणी अशा माणसाला पटवलं असेल तर नेमकं काय दाखवलंत ते सांगा प्लीज. जॉब बदल म्हणू नका, होम लोनचा दुसराच हप्ता गेलाय.