पणजीच्या चेहऱ्यावरचं काळं: चित्रकाराची सावली की समईची काजळी?

ढेळज: अंबाजोगाईजवळच्या आमच्या वाड्यात पणजीचं तैलचित्र आहे. सही नाही, साल नाही. कपाळ, नाकाचा शेंडा अन् नथीतले मोती तेवढे उजळ. डोळ्यांच्या खोबण्या, हनुवटीखालचा गळा आणि इरकलीचा काठ अंधारात. भावकीत ठरलंय, चित्र पुसून घ्यायचं. माझा ठाम विरोध आहे. माजघरात माळवदाच्या साण्यातून, म्हणजे मातीच्या सपाट छताला ठेवलेल्या झरोक्यातून, भर दुपारी उजेड असाच सरळ वरून पडतो. पणजी तिथंच बसली होती आणि चित्रकारानं दिसलं तसं रंगवलं. ते काळं गेलं तर तो उजेडही जाईल.

गोदाकाठ: देवघराशेजारच्या भिंतीवर इतकी वर्षं समई, उदबत्ती. धुराला कला म्हणू नका! अजिंठ्यात 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून लाखेचा थर दिला, अन् तोच पुढं पिवळा पडून मूळ रंगांवर बसला. तो पुरातत्त्व खात्यानं काढला नसता तर आपण पिवळेपणाचंच कौतुक करत बसलो असतो. पणजीला मोकळं करा.

लेणीवाला: साण्याचं मला पटत नाही. अजिंठ्याच्याच पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व बघा. नाकावर, ओठांवर उजळ रंगाचा हात आहे, पण उजेड येतो कुठून ते सांगता येत नाही. उंचवटा दाखवायला चित्रकार उजेड स्वतः ठेवतो. तुमचं चित्र फोटोवरूनही काढलेलं असेल. मात्र गोदाकाठ, घाई तुम्हीही करताय. धूर चेहऱ्याचा आकार बघून बसत नाही, सगळीकडं बसतो. चौकटीच्या खाचेत झाकलेली कड आधी बघा. आणि बटाट्याची फोड, साबणाचं पाणी अजिबात लावू नका, रंगच उठून येईल.

ढेळज: काल चौकट उतरवली. खाली बोटभर पट्टी निघाली, तिथं इरकलीचं लाल कुंकवासारखं. म्हणजे धूर आहे, गोदाकाठ, मान्य. पण हनुवटीखालच्या काळ्यात जबड्याच्या कडेनं एक तांबूस रेघ आहे, लुगड्यावरचा उजेड वर उसळून लागलेला. अशी रेघ काजळी ओढत नाही.

गोदाकाठ: मग ती रेघ पुसल्यावर जास्तच दिसेल की.

ढेळज: दिसेलही. पण ती ओळखणाऱ्या माणसाच्या हातूनच. तोवर चित्र भिंतीवरून हलणार नाही, समई तेवढी कोनाड्यात सरकवली.